चहातून द्यायचं औषध

महिन्यातून तीन-चारदा तरी ही बाई माझ्या औषधाच्या दुकानात येते. दर वेळी बाई वेगळी, बोलणं तेच. गर्दी असली तर ती कडेला, ग्लुकोजच्या डब्यांपाशी थांबते. शेवटचं गिऱ्हाईक पायरी उतरलं की पुढं येते, एकदा मागं वळून बघते आणि हळू आवाजात विचारते, “दादा, दारू सोडवायची पावडर हाय काय? त्येला कळाय नको. च्यात घालून देतो मी.” (बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं, आमच्याकडं बायकाही ‘देतो’, ‘जातो’ असंच बोलतात.)

औषध आहे. पावडर नाही, गोळी. पण कुटली की पावडरच. नाव डायसल्फिरॅम. दारू पोटात गेली की शरीर तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट. ही गोळी दुसरी पायरी अडवते. मधलं विष रक्तात साचतं. तोंड लालभडक होतं, उलट्या सुरू होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब खाली येतो. ज्यानं गोळी स्वतःहून घेतली आहे त्याला हे माहीत असतं, आणि त्या धाकानं तो ग्लासाला हात लावत नाही. औषधाचं सगळं काम त्या धाकात आहे. ज्याला काही ठाऊकच नाही तो संध्याकाळी नेहमीसारखी क्वार्टर मारणार, आणि त्याचं यकृत किंवा हृदय आधीच खिळखिळं झालेलं असेल तर कदाचित घरापर्यंत पोचणारही नाही. म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आणि पेशंटच्या होकाराशिवाय ही गोळी द्यायची नसते.

हे सगळं मी तिला सांगतो. ती ऐकून घेते, “बरं दादा” म्हणते आणि जाते. कुठं जाते तेही मला माहीत असतं. विजेच्या खांबांवर पिवळी पत्रकं चिकटवलेली असतात, ‘न सांगता दारू सोडवा’, खाली मोबाइल नंबर. त्या पुडीत काय असतं ते पुडी बांधणाऱ्यालाच ठाऊक.

बावीस वर्षं काउंटरमागं उभा राहून माझं एक मत झालं आहे. ही बाई जे करू बघते तेच आपण सगळे मिळून व्यसनाच्या बाबतीत करतो आहोत. ज्याला आजार आहे त्याच्याशी सोडून बाकी सगळ्यांशी आपण बोलतो. रॅली निघते, छापा पडतो, रात्री व्यसनमुक्ती केंद्राची जीप येऊन पोराला उचलून नेते, देवाला नवस होतो. त्याला मात्र कुणी विचारत नाही, की बाबा, तुझं काय होतंय? सगळा कारभार चहातून.

जून महिन्यातलंच बघा. २६ जून म्हणजे कोल्हापुरात शाहू जयंती. संयुक्त राष्ट्रांनी १९८७ साली ठरवलेला अमली पदार्थविरोधी दिनही नेमका तोच. त्यामुळं त्या सकाळी महाराजांना हार घालायचा आणि व्यसनमुक्तीची फेरीही काढायची, असा दुहेरी कार्यक्रम असतो. पांढऱ्या गणवेशातली सातवी-आठवीची पोरं घोषणा देत जातात. मागच्या वर्षी अशीच एक फेरी माझ्या दुकानासमोरून गेली. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यानं फेरी जाईपर्यंत अदबीनं हात थांबवले, आणि शेवटचा फलक पुढं सरकताच प्लॅस्टिकच्या कागदात सुपारी, तंबाखू आणि चुना घेऊन पुन्हा चोळायला लागला. फेरीबरोबर चालणारे एक गृहस्थ मागं रेंगाळले होते. मावा त्यांच्यासाठीच होता.

मला राग येतो तो माव्याचा नाही. ज्या राजाच्या जयंतीला आपण हे करतो, त्याची रीत आपण विसरलो याचा येतो. पोरांनी शिकावं म्हणून शाहू महाराजांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी केली, म्हणजे खेड्यातल्या पोराला शहरात शिकताना राहायला खोली आणि पोटाला भाकरी मिळेल. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. कुस्ती वाढावी असं वाटलं तेव्हा १९१२ मध्ये खासबागेचं मैदान बांधलं, पैलवानांच्या खुराकाची सोय लावली. आधी सोय आणि मग उपदेश, असा तो क्रम होता. व्यसनाच्या बाबतीत आपल्याकडं उपदेश भरपूर झाला आहे.

सोय किती आहे ते आकड्यांत बघू. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात दारू पिणारे साधारण १६ कोटी. त्यातल्या ५.७ कोटी लोकांचं पिणं इतकं हाताबाहेर गेलेलं, की त्यांना मदतीची गरज आहे. अफूच्या जातीचे पदार्थ, म्हणजे अफू, हेरॉइन आणि त्या कुळातल्या वेदनाशामक गोळ्या, यांच्यामुळं मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख. पण मला हलवणारा आकडा वेगळाच आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. बेकायदा अमली पदार्थांच्या बाबतीत वीसात एक. उरलेल्या सदतीस जणांच्या घरातली बाई कुठल्या ना कुठल्या औषध दुकानात ग्लुकोजच्या डब्यांपाशी उभी असणार, असं मला उगाच वाटत राहतं.

आता माझ्याच धंद्यातली गोष्ट, आणि कोल्हापूरला जरा बोचणारी. व्यसनी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतो? दाढी वाढलेला, कपडे मळलेले, पंचगंगेच्या घाटावर पडलेला माणूस. माझ्या काउंटरवर अलीकडे जो येतो तो तसा नसतो. तो विशी-बाविशीचा असतो, पाठ ताठ, मनगट माझ्या दुप्पट, अंगात ट्रॅकसूट. पोलिस भरतीची तयारी करत असतो किंवा जिममध्ये जात असतो. मोबाइलवर एका इंजेक्शनच्या बाटलीचा फोटो दाखवतो आणि म्हणतो, “काका, हे मिळंल काय? सरांनी सांगितलंय.” सर म्हणजे डॉक्टर नव्हे, ट्रेनर.

फोटोत असतं मेफेन्टरमाइन. कमरेत भूल दिल्यावर ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचा रक्तदाब घसरला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ हे वापरतात. जागा ऑपरेशन थिएटरची आणि हात भूलतज्ज्ञाचा. हे पोरगं ते पहाटे पाच वाजता मैदानाच्या कडेला, मोटारसायकलच्या आडोशाला टोचून घेणार. का? भरतीच्या मैदानी परीक्षेत १६०० मीटर धावायचं असतं, शंभर मीटर वेगळे, गोळा वेगळा, आणि ५० गुणांत एकेका सेकंदाला किंमत असते. इंजेक्शन घेतलं की दम लागल्याचं कळत नाही, अंगात वारं शिरल्यासारखं होतं. पहिले काही दिवस. मग तेवढ्यानं काही होत नाही, डोस वाढतो. झोप उडते, संशय घ्यायला लागतो, घरात कुणी कुजबुजलं तरी ते आपल्याबद्दलच आहे असं वाटायला लागतं. तरण्याताठ्या पोराचं हृदय म्हाताऱ्यासारखं थकतं. जागतिक उत्तेजकविरोधी यादीत हे औषध बंदी घातलेलं आहे, हे ‘सरां’ना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

मी नाही म्हणतो तेव्हा पोरगं चिडत नाही. उलट समजावणीच्या सुरात म्हणतं, “काका, नशा न्हाय ओ ही. बॉडीसाठी हाय.” इथं आमची कोल्हापूरकरांची नजर फसते. ज्या गावात घराघरात कुणीतरी तालमीत घुमलेलं असतं, गंगावेश आणि मोतीबाग या तालमींची नावं देवळांच्या नावांसारखी घेतली जातात, तिथं कमावलेल्या अंगावर कुणी संशय घेत नाही. आई पोराचे दंड बघून मीठमोहऱ्या ओवाळते. थंडाई, बदाम, दूध आणि जोर-बैठका यांवर उभं राहिलेलं शरीर आणि सुईवर उभं राहिलेलं शरीर लांबून सारखंच दिसतं. वस्तादाला मात्र फरक कळतो. जुने वस्ताद पोराच्या डोळ्यांकडं बघून ओळखायचे, असं मला एका निवृत्त पैलवानानं सांगितलं. लाल माती सोडून आरशापुढं मेहनत सुरू झाली आणि ती डोळ्यांत बघणारी माणसं मधून गेली.

आमच्या भागात ‘नाद’ हा शब्द कौतुकाचा आहे, शिवीचा नाही. ‘नाद खुळा’ असं गाडीवर लिहितात. कुस्तीचा नाद, फुटबॉलचा नाद, बैलांचा नाद, आणि मग बाटलीचा नाद. एकाच शब्दात सगळं बसवल्यामुळं कौतुक कुठं थांबवायचं तेही कळेनासं होतं.

माझ्या धंद्याची बाजू झाकून ठेवणार नाही. झोपेच्या, चिंतेच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध यांच्यासाठी २०१४ पासून एच-वन रजिस्टर ठेवावं लागतं. पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या दिल्या, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. बहुतेक दुकानदार ते ठेवतात. पण एखाद्या दुकानात रजिस्टर एका बैठकीत, एकाच शाईनं भरलेलं असतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं आणि संघटनेच्या जेवणावळीत कुणी बोलत नाही. मी एका पोराला परत पाठवलं आणि अर्ध्या तासानं तो पलीकडच्या रस्त्यावरून हातात पुडकं घेऊन, माझ्याकडं बघून हसत गेला. मी त्या दिवशी तक्रार केली नाही. करायला हवी होती.

“मग पोलिस काय झोपलेत?” हा प्रश्न येतोच. झोपलेले नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकानं थेट चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत येऊन मेफेड्रोनचा कारखाना उघडकीला आणला. २०२४ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात कुपवाडला साठा सापडला आणि इरळीत कारखाना. मेफेड्रोन, म्हणजे पोरांच्या भाषेत एमडी, हे शेतात पिकत नाही. एक शेड आणि थोडी रसायनं असली की काम भागतं, म्हणून ते डोंगराआडच्या शांत खेड्यात सरकतं. हे छापे पडलेच पाहिजेत. विकणाऱ्याला आणि बनवणाऱ्याला दयामाया नको, यात माझं दुमत नाही.

माझा वाद पुढच्या पायरीशी आहे. छाप्यानं मालाची वाट अडते, मागणी तशीच राहते. आणि खिशात चिमूटभर पुडी सापडलेलं पोरगं विकणाऱ्याच्याच दावणीला बांधलं जातं. खरं तर अमली पदार्थांबद्दलच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातच त्याच्यासाठी एक दार आहे, कलम ६४-अ. सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि त्यानं ते पूर्ण केले, तर त्याच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालत नाही. शिक्षा भोगण्यापेक्षा बरा हो, असं कायदाच म्हणतो. मी ओळखीच्या दहा-बारा पालकांना विचारलं, त्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं. चौकात लावलेल्या फलकांवर शिक्षेची वर्षं असतात. या कलमाचा उल्लेख मी अजून एकाही फलकावर पाहिला नाही.

आणि जीप. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकानं आपल्या धाकट्या भावाला असंच पाठवलं. रात्री अकराला चार जण आले, त्याला हात धरून गाडीत घातलं, परजिल्ह्यातल्या एका केंद्रावर नेलं. तीन महिने भेट नाही, फोन नाही, पैसे मात्र आगाऊ. परत आला तेव्हा दारू सुटली होती आणि थोरल्या भावाशी बोलणंही. सव्वा महिन्यात दारू परत आली, बोलणं अजून आलेलं नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळं होणाऱ्या मानसिक अवस्था आजारातच धरतो, पेशंटला साखळीनं बांधायला साफ मनाई करतो आणि त्याच्या संमतीशिवाय दाखल करायचं तर त्याचे नियम घालून देतो. चांगली केंद्रं राज्यात आहेत. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, त्याला चाळीस वर्षं होत आली. पण जीपवाल्यांचा धंदा चालतो तो घरच्यांच्या थकव्यावर. त्या थोरल्या भावाला मी नावं ठेवू शकत नाही. त्याच्या आईचा हात मोडलेला मी पाहिला होता.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ‘आजार आहे’ म्हटलं की काही पुरुषांना फार बरं वाटतं. आजार हा मारहाणीचा परवाना नव्हे. बायकोवर हात टाकणाऱ्यावर गुन्हा नोंदवा आणि त्याच्यावर उपचारही करा. दोन्ही एकाच आठवड्यात करता येतं.

मग सुटकेचे आपले गावठी मार्ग कोणते? माळ घालणं हा सगळ्यांत जुना. पंढरीची माळ गळ्यात पडली आणि दारू सुटली अशी माणसं मी स्वतः पाहिली आहेत, आणि त्याची चेष्टा करणाऱ्यांशी माझं जमत नाही. माळेबरोबर भजनाची मंडळी येतात, संध्याकाळी सातची रिकामी वेळ भरते, गावात नवी ओळख मिळते. मोठ्यात मोठा समुपदेशक याहून फार वेगळं काय करतो? पण रोज सकाळपासून पिणाऱ्यानं एका दिवसात सगळं बंद केलं तर शरीर उलटतं, हे माळ घालणाऱ्याला कुणी सांगत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत फेफरं येऊ शकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरतात, ताप चढतो, भिंतीवर मुंग्या आणि साप दिसायला लागतात. मग “बाहेरचं झालंय” म्हणून देवऋष्याकडं नेतात. ही अवस्था वेळेत दवाखान्यात नेली तर आवरता येते, नाही नेली तर जीव जातो. आणि गाव म्हणतं, दारू सोडली म्हणून मेला.

सरकारकडं पैसा नाही हे मला पटत नाही. दारूच्या उत्पादन शुल्कातून राज्याच्या तिजोरीत वर्षाला २० हजार कोटींच्या वर जमा होतात. तंबाखूचंही तेच. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तरीही दर चार प्रौढांमागे जवळपास एक जण बिनधुराचा तंबाखू खातो. मावा तर गुटख्याच्या पाकिटाची वाटही बघत नाही, समोर चोळून मिळतो. गावातल्या बायका मतदान करून दुकानाची बाटली आडवी करतात तेव्हा मला अभिमान वाटतो. पण चंदगड-आजऱ्यापासून गोवा फार लांब नाही, आणि आडवी झालेली बाटली रात्री डिकीतून उभी राहून येते.

मला हवी आहे ती गोष्ट अगदी साधी आहे. कोल्हापूर जिल्ह्याचे बारा तालुके. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातला एक वार ठरलेला असावा, बाजाराचा असला तर उत्तम, की त्या दिवशी व्यसनावर बोलणारा डॉक्टर तिथं बसतोच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, त्याची पथकं फिरतात, हे मान्य. पण चंदगडच्या माणसाला सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, यायचं तर शंभर किलोमीटरच्या वर एसटी, म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. पिणारा माणूस मनाशी ठरवतो तो क्षण फार छोटा असतो. तो सकाळी ठरवतो आणि दुपारी मोडतो. त्या मधल्या चार तासांत दार उघडं सापडलं पाहिजे. आणि पोलिस भरतीच्या मैदानावर, जिथं उंची आणि छाती मोजतात, तिथं उत्तेजकांची तपासणीही व्हावी. मग ‘सर’ लोकांचं दुकान एका हंगामात बसेल.

हे होईल तेव्हा होईल. तोवर मी गल्ल्याच्या खणात एक झेरॉक्स ठेवली आहे. केंद्राच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा नंबर १४४४६, मानसिक आरोग्याच्या टेलिमानस मदतवाहिनीचा १४४१६, आणि सीपीआरला कसं जायचं, केसपेपर कुठं काढायचा. पावडर मागणाऱ्या बाईला मी तो कागद देतो आणि म्हणतो, हा लपवू नका, त्याच्या हातात द्या. बहुतेक जणी घडी घालून ब्लाउजात ठेवतात. पुढं काय होतं ते मला कळत नाही.

परवा दिवाबत्तीच्या वेळी एक माणूस आला. शिरोलीच्या फाउंड्रीतला असावा, हातांच्या रेषांत काळं बसलेलं. गर्दी होती म्हणून कडेला ग्लुकोजच्या डब्यांपाशी थांबला. दुकान रिकामं झाल्यावर पुढं आला आणि चार घड्यांचा कागद काउंटरवर ठेवला. बोटं थरथरत होती, कपाळ ओलं.

“मालकिणीनं दिलाय. सोमवारी जातो म्हणतोय.”

“शेवटची कधी घेतली?”

“काल राती. आज सकाळपास्नं एक थेंब न्हाय.” आवाजात कौतुकाची अपेक्षा होती.

मी म्हटलं, सोमवार नको, आत्ताच्या आत्ता कॅज्युअल्टीला चला. तो माझ्याकडं बघत राहिला.

“न पिता दवाखान्यात? लोक काय म्हणतील ओ?”

समोर रिक्षा उभी होती, तिला मी हात केला.